मावशीच्या वयाच्या पेशी

झेब्राफिश हा जेमतेम दीड इंचाचा मासा. त्याला गुंगीच्या औषधाच्या पाण्यात निजवतात, एका नाकपुडीतून बारीक सुई आत घालतात आणि मेंदूच्या पुढच्या भागाची एक बाजू आरपार भोसकतात. दुसरी बाजू तशीच ठेवतात, तुलनेला. मग मासा पुन्हा साध्या पाण्यात. थोड्या वेळात तो पोहायला लागतो. तीनेक आठवड्यांनी त्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तर सुई कुठल्या बाजूने गेली होती हे ओळखायला बराच वेळ बघत बसावं लागतं. भोक बुजलेलं असतं. तिथे नव्या चेतापेशी आलेल्या असतात, आणि तीन महिन्यांनंतरही त्या तिथेच, शाबूत असतात.

जर्मनीत ड्रेस्डेनला मिशाएल ब्रांड यांच्या प्रयोगशाळेने हे २०११ साली सविस्तर प्रसिद्ध केलं. मी ते बऱ्याच उशिरा वाचलं, तेही रात्रपाळीत, मशीन रिकामं असताना.

मी शास्त्रज्ञ नाही. मुंबईतल्या एका हॉस्पिटलात सीटी स्कॅनच्या मशीनवर बसते. पेशंटला टेबलावर नीट झोपवायचं, डोक्याला पट्टा लावायचा, ‘हलू नका’ असं तीन भाषांत सांगायचं आणि काचेच्या अलीकडे येऊन बटण दाबायचं. पुढचं काम मशीन करतं. रिपोर्ट डॉक्टर देतात. आम्ही काही बोलायचं नसतं, आणि लोक नेमकं आम्हालाच विचारतात, कारण त्या क्षणी समोर आम्हीच असतो. दारातून आत डोकावत, पडद्याकडे बोट करत विचारतात, “मॅडम, ते काळं दिसतंय ते भरून येईल ना?”

जखम भरून येते हे सगळ्यांना माहीत असतं. हाड जुळतं, कापलेलं बोट भरतं, पोटाच्या ऑपरेशनचे टाके पडतात. मग मेंदूचं का नाही भरणार? प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर माझ्या पडद्यावर आकड्यात दिसतं. सीटीमध्ये प्रत्येक ठिपक्याला एक अंक असतो. हे मशीन बनवणाऱ्या गॉडफ्री हाउन्सफिल्ड यांच्या नावाने ते मोजतात. पाणी म्हणजे शून्य. हाड हजाराच्या आसपास जातं. निरोगी मेंदू तिशी-चाळिशीत. जुन्या अर्धांगाच्या पेशंटच्या डोक्यातल्या काळ्या जागेवर कर्सर नेऊन ठेवला की आकडा सात, आठ, कधी पाच. म्हणजे जवळजवळ पाणीच. जी पेशी मेली ती सफाई करणाऱ्या पेशींनी उचलून नेली, आणि रिकाम्या जागी मेंदूभोवती खेळणारं पाणी येऊन बसलं. माणसाचा मेंदू असा दुरुस्त होतो: मेलेलं काढून टाकतो, कडेला व्रणाचा बांध घालतो, आत पाणी राहू देतो.

म्हणून तो मासा माझ्या डोक्यातून जाईना. मासे खाल्ले की डोकं चालतं, असं आमच्या घरी प्रत्येक परीक्षेच्या आदल्या दिवशी ऐकवलं जायचं. माशाचं स्वतःचं डोकं कसं चालतं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

आता यातली खरी करामत कुठे आहे ते बघा. आपला मेंदू गर्भात तयार होतो तेव्हा आतल्या पोकळीच्या भिंतीला चिकटून एका जातीच्या पेशी असतात. बुडखा भिंतीला आणि एक लांबच लांब तंतू थेट बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत. इंग्रजी नावाचं देवनागरी करायचं तर रेडियल ग्लिया. या पेशी दोन कामं करतात. स्वतः विभागून चेतापेशींना जन्म देतात, आणि जन्मलेल्या चेतापेशी त्यांच्याच तंतूला धरून वर चढत आपापल्या जागी पोचतात. मेंदू उभा राहिला की आपल्यात बहुतेक रेडियल ग्लिया आपलं रूप टाकून देतात. त्यांच्या साध्या आधारपेशी होतात. झेब्राफिशमध्ये त्या तशाच राहतात, म्हातारपणापर्यंत. त्याच्या मेंदूत नव्या पेशी जन्माला येण्याच्या सोळाएक जागा आहेत. सस्तन प्राण्यांत मोठेपणी अशा ठळक जागा दोनच. त्यातही माणसाच्या बाबतीत एकमत नाही. २०१८ साली काही आठवड्यांच्या अंतराने दोन मोठे निबंध आले. सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने सांगितलं की मोठ्या माणसाच्या स्मृतीच्या भागात नव्या चेतापेशी जवळपास सापडतच नाहीत. न्यूयॉर्कच्या गटाने सांगितलं की उतारवयातही हजारोंनी सापडतात.

माशात मात्र वादाला जागा नाही. झेब्राफिशच्या मेंदूत सगळ्या मिळून साधारण एक कोटी पेशी, आणि कसलीही इजा नसताना, नुसता पोहत असताना, दर अर्ध्या तासाला सुमारे ६,००० नव्या पेशींची भर. मासा आयुष्यभर वाढत राहतो, त्याच्याबरोबर मेंदूही. म्हणजे हा कारखाना अपघातासाठी म्हणून बांधलेला नाही. तो चालूच असतो. अपघात झाला की त्याचा वेग वाढतो, एवढंच.

वेग वाढवतं कोण? हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण इथे गोष्ट सरळ जात नाही. आमच्या हॉस्पिटलात सूज हा शब्द कुणालाच नको असतो. मेंदूला सूज म्हटलं की सलाईनमधून औषध सुरू होतं, नातेवाइकांचे चेहरे पडतात. तेही बरोबरच आहे, बंद कवटीत सूज जीव घेते. पण त्याच ड्रेस्डेनच्या लोकांनी २०१२ मध्ये दाखवलं की माशात सूज हीच पहिली हाक असते. त्यांनी सुई खुपसण्याऐवजी नुसता सूज आणणारा पदार्थ मेंदूत सोडला. इजा नाही, फक्त सूज. तरी भिंतीवरच्या पेशी विभागायला लागल्या. उलट सूज दाबणारं स्टिरॉइड देऊन मग इजा केली, तर पेशींची लगबग मंदावली. सुजेतला नेमका निरोप्या कोण, हे शोधता शोधता ते ल्यूकोट्राइन नावाच्या रेणूपाशी पोचले.

या रेणूशी मुंबईकरांची ओळख आहे, फक्त नावाने नाही. पावसाळा संपून हवा कोरडी झाली, धूळ आणि धूर खाली उतरला की घराघरात रात्री मुलांची छाती वाजायला लागते. डॉक्टर मॉन्टेलुकास्ट असलेली गोळी देतात. ल्यूकोट्राइन ज्या कुलपात शिरून श्वासनळी आवळतं, ते कुलूप ही गोळी बंद करते. माशाच्या मेंदूतल्या रेडियल ग्लियांवर त्याच जातीचं कुलूप आहे. तिथे ल्यूकोट्राइन शिरलं की दम लागत नाही, चेतापेशी तयार होतात.

इतकं वाचून मला वाटलं, आता गणित सुटलं. पण २०१५ मध्ये ऑस्ट्रियात साल्झबुर्गच्या संशोधकांनी म्हाताऱ्या उंदरांना हीच दम्याची गोळी दिली, म्हणजे त्याच घराण्यातलं जीपीआर१७ नावाचं कुलूप बंद केलं, आणि त्यांच्या मेंदूत नव्या चेतापेशी वाढल्या, शिकण्याची क्षमताही सुधारली. माशात जे उघडल्याने झालं, ते उंदरात बंद केल्याने. याचा अर्थ दोन्हींतलं एक खोटं असा नाही. म्हाताऱ्या उंदराच्या मेंदूत सूज कायमची मुक्कामाला असते. माशात ती येते, काम सांगते आणि निघून जाते. पाहुणा किती दिवस राहतो यावर त्याचं स्वागत ठरतं, हे आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेल्या माणसाला वेगळं समजवायला नको.

आता मावशी.

मावशी लालबागची. जन्म १९५१. काका गिरणीत होते, आणि मावशी घरातच खाणावळ चालवायची. पाळी सुटली की जिन्यावर चपलांचा ढीग. १९८२ च्या संपानंतर जेवणारे पांगले, तरी मावशीचा हात काही आटला नाही. दहा माणसांच्या अंदाजानेच भात पडायचा. बांगड्याचं तिखलं, त्यात तिरफळं, आणि तिरफळं किती ठेचायची याचं तिचं एक शास्त्र होतं. ते ती कुणाला सांगत नसे, विचारलं की म्हणायची, “बघून शिक गो.”

तिला अटॅक आला तो सकाळी. उजवा हात उचलेना, तोंडातून शब्द फुटेना. घरच्यांना वाटलं अशक्तपणा आहे. आधी साखरपाणी झालं, मग शेजारच्या बाईंनी हाताला तेल चोळलं, मग कुणाला तरी सुचलं. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत द्यायचं असतं. ती माझ्या टेबलावर आली तेव्हा ते टळून गेलेलं होतं. त्या दिवशी ड्यूटी माझीच होती. दुसऱ्या कुणाला बसवता आलं असतं, पण मीच बसले. पहिल्या काही तासांच्या सीटीत अशा अटॅकचं फारसं दिसत नाही. रक्तस्राव असता तर पांढराशुभ्र चमकला असता. तो नव्हता. चित्र जवळपास स्वच्छ होतं. बाहेर मावसभावाने विचारलं, “काय नाय ना?” मी म्हटलं, डॉक्टर सांगतील.

मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली की मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ मध्ये मांडला गेला. आमच्या डिपार्टमेंटात तो सगळ्यांना पाठ आहे, धावपळ का करायची हे नव्या मुलांना समजावं म्हणून. माणसाच्या मेंदूत ८,६०० कोटी चेतापेशी आहेत, त्यामुळे १९ लाख ऐकायला क्षुल्लक वाटतं. मलाही इतकी वर्षं तो नुसता आकडाच वाटत होता. मग मी स्टॉकहोमच्या योनास फ्रिसेन यांचं काम वाचलं.

१९५५ च्या सुमारापासून १९६३ पर्यंत जगात उघड्यावर अणुचाचण्या होत होत्या. त्यामुळे हवेतला कार्बन-१४ जवळपास दुप्पट झाला. उघड्यावरच्या चाचण्या थांबवण्याचा करार झाल्यावर तो हळूहळू उतरला. झाडांनी तो घेतला, झाडांतून अन्नात आला, अन्नातून आपल्यात. पेशी जन्माला येताना तिच्या डीएनएमध्ये त्या वर्षीचा कार्बन बसतो आणि पुढे तसाच राहतो. म्हणजे कार्बन मोजला की पेशीचं जन्मवर्ष कळतं. फ्रिसेन यांच्या गटाने २००५ मध्ये हे मेंदूवर करून पाहिलं. मोठ्या मेंदूच्या वरच्या थरातल्या चेतापेशी माणसाच्या स्वतःच्याच वयाच्या निघाल्या. आतड्याचं अस्तर आठवड्याभरात बदलतं, रक्तातल्या तांबड्या पेशी चारेक महिन्यांत, पण या बदलत नाहीत.

मावशीच्या मेंदूच्या त्या थरातल्या पेशी म्हणजे चाचण्यांनी हवा बदलण्याआधीच्या. भोंगा ऐकत लहानाच्या मोठ्या झालेल्या. लग्न, खाणावळ, संप, उधाऱ्या, तिरफळं, सगळं ज्यांच्यासमोर झालं त्या ह्याच. आणि त्या दुपारी माझ्यासमोरच्या टेबलावर, चित्र स्वच्छ दिसत असताना, मिनिटाला १९ लाखांच्या हिशेबाने त्याच चालल्या होत्या.

काही महिन्यांनी तिचा पुन्हा स्कॅन झाला. डाव्या बाजूला काळा डाग. मी कर्सर ठेवला. नऊ.

हे सगळं पाहिल्यावर माशाचा हेवा वाटणं साहजिक आहे. मलाही वाटला. आपल्यात खोट आहे, माशाला जमतं ते आपल्याला जमत नाही, असं बराच काळ मी धरून चालले होते. बातम्याही तशाच असतात: माशाचं रहस्य सापडलं, आता लकवा बरा होणार. या बातम्यांत व्रण हा खलनायक असतो. आधारपेशींनी घातलेला तो बांध चेतातंतूंना पलीकडे जाऊ देत नाही, तो काढला की झालं. पण उंदरांत व्रण घालणाऱ्या पेशीच मारून पाहिल्या, तेव्हा जखम बरी व्हायच्या ऐवजी पसरली. सूज आजूबाजूच्या धडधाकट भागात घुसली, जास्त पेशी मेल्या. २०१६ मध्ये मज्जारज्जूच्या जखमेत आणखी पुढचं दिसलं: व्रण काढून टाकला तर तंतू वाढतच नाहीत, उलट योग्य खुराक मिळाला तर ते व्रणातूनच वाट काढत जातात. म्हणजे तो बांध जे वाचलंय ते वाचवण्यासाठी असतो. मेंदू तिथे घाबरून हात टेकत नाही. तो ठरवतो, की एवढं गेलं, आता उरलेलं जाऊ द्यायचं नाही.

आणि उरलेल्याची किंमत आपल्याकडे फार मोठी आहे. झेब्राफिश दोन-तीन वर्षं जगतो. तो शिकतो, धोका लक्षात ठेवतो, त्याला कमी लेखायचं कारण नाही. पण त्याच्या मेंदूत रोज नव्याची भर पडते आणि त्याला ते परवडतं. आपला धंदा वेगळा. आपण लहानपणी ऐकलेला आवाज सत्तरीत ओळखतो. त्यासाठी कुणीतरी जागा न सोडता सत्तर वर्षं बसलेलं असावं लागतं.

समजा उद्या कुणी मावशीच्या काळ्या डागात कोवळ्या पेशी उगवून दाखवल्या. सीटीवर आकडा नवाचा पस्तीस होईल. मी स्वतः पेढे वाटेन. पण त्या पेशींना मावशीचं काय माहीत असेल? त्यांना ‘पाणी’ हा शब्द मुळापासून शिकवावा लागेल. इथे मला रॉजर स्पेरी यांचे १९४० च्या दशकातले प्रयोग आठवतात. बेडकाची किंवा पाणसरड्याची डोळ्याची नस तोडली तर ती पुन्हा वाढते. स्पेरींनी नस तोडली आणि डोळाही खोबणीत उलटा फिरवून ठेवला. नस वाढली, आणि प्रत्येक तंतू मेंदूतल्या आपल्या जुन्या पत्त्यावर इमानेइतबारे पोचला. त्यामुळे प्राण्याला जग उलटं दिसायला लागलं. माशी वर असेल तर बेडूक खाली जीभ फेकी. किती दिवस गेले तरी ते सुधारलं नाही. दुरुस्ती उत्तम झाली होती, आणि बेडूक उपाशी. तंतू पुन्हा जोडले जाणं आणि आयुष्य पुन्हा जोडलं जाणं यात बरंच अंतर आहे. मासा ते अंतर कापतो, हे खरं. मज्जारज्जू आडवा कापलेला झेब्राफिश सहा-आठ आठवड्यांत पुन्हा पोहतो. पण पोहणं हे माशाच्या बांधणीत लिहिलेलं आहे. तिखलं कुणाच्याच बांधणीत लिहिलेलं नसतं.

मग मावशी सुधारली कशी? कारण ती सुधारली, आणि हे सांगायला हवं. डाग तसाच आहे, आणि ती आता काठी घेऊन गॅलरीपर्यंत चालते. हे नव्या पेशींनी झालेलं नाही. ते शेजारच्या भागांनी केलं. रविवारी मध्य रेल्वेवर माटुंगा ते मुलुंड धीम्या मार्गावर मेगाब्लॉक असतो तेव्हा धीम्या गाड्या जलद मार्गावरून वळवतात. गाडी उशिरा का होईना, कल्याणला पोचते. फक्त विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूरला थांबत नाही, तिथे त्या मार्गाला फलाटच नाही. मावशीचं बोलणं आता तसं आहे. तिला कळतं सगळं. हवं ते सांगतेही, वळणं घेत. पण काही शब्दांवर गाडी थांबतच नाही.

गणपतीत हे मी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा ती नुकती बसायला लागली होती. तिला चार शब्द सलग येत नव्हते. खाली सार्वजनिकची आरती सुरू झाली, टाळ वाजले, आणि वर खाटेवर बसल्या बसल्या मावशी गायला लागली. पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत, शब्दन् शब्द. मावसभाऊ रडायलाच लागला, त्याला वाटलं वाचा परत आली. आरती संपली. तिला घोटभर पाणी हवं होतं. तिने तांब्याकडे पाहिलं, ओठ हलवले, आणि काही आलं नाही. बोलायचे शब्द डाव्या मेंदूत जास्त, गाणं आणि तोंडपाठ म्हणणं उजवीकडूनही चालतं, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. स्पीच थेरपीवाल्या ताईंनी त्याचाच धागा पकडला. ‘पाणी दे’ हे तिला चालीवर म्हणायला शिकवलं. आजही ती पाणी मागते ते थोडं गाऊनच. घरातल्या लहान मुलांना ते इतकं सवयीचं झालंय की तीही तसंच मागतात.

हाताचं शास्त्र मात्र जागेवर आहे. उजव्या हाताने धरता येत नाही, पण मी तिच्यासमोर मसाला वाटायला बसले आणि कोकमं जास्त घेतली, की डाव्या हाताने माझं मनगट ढकलते.

या मधल्या काळात मावसभावाला एक जाहिरात सापडली होती. स्टेम सेलने लकवा, ऑटिझम, सगळं बरं. काही लाखांचा आकडा, हप्त्याची सोय, पेशंटचे आधीचे-नंतरचे व्हिडिओ. त्या क्लिनिकच्या माहितीपत्रकात झेब्राफिशचं रंगीत चित्रसुद्धा होतं. मला संताप आला तो त्या चित्राचा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्वच्छ आहेत: रक्ताच्या काही आजारांसाठी होणारं प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी कशावरही स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. अधिकृत चाचणीत देता येतो, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. मी भावाला हे दाखवलं. तो म्हणाला, “तुझं काय जातं, करून बघू.” मी म्हटलं, तेवढ्या पैशांत दोन वर्षं घरी फिजिओथेरपिस्ट येईल. त्याला ते फार साधं वाटलं. शेवटी मावशीनेच डावा हात हलवून विषय संपवला, पैशाच्या बाबतीत तिचं डोकं पहिल्यासारखंच आहे.

म्हणजे या संशोधनाचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. माशाने रस्ता आहे हे तरी दाखवलं. सँटियागो रामोन इ काहाल यांच्यासारख्या नोबेल मिळालेल्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं की प्रौढ मेंदूत सगळं मरू शकतं, उगवू काहीच शकत नाही. माशाने ते वाक्य मोडलं. डोळ्याच्या पडद्यात तर आणखी पुढे मजल गेली. झेब्राफिशच्या पडद्यातल्या आधारपेशी इजा झाली की चेतापेशी बनवतात. त्यामागचे रेणू कळल्यावर सिएटलच्या टॉम रेह यांच्या प्रयोगशाळेने २०१७ मध्ये प्रौढ उंदराच्या डोळ्यातही थोड्या नव्या चेतापेशी घडवून दाखवल्या. आपल्याकडेही या माशावर काम चालतं. कुलाब्याला टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, त्याच्या त्वचेचा अभ्यास होतो, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्याच्या हृदयाच्या आणि मणक्यांमधल्या चकत्यांच्या दुरुस्तीचा. हे आपलंच वाटावं असं आहे, कारण मासाच मुळात इकडचा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातल्या माशांची यादी १८२२ मध्ये छापली त्यात तो पहिल्यांदा नोंदला गेला. भातशेतीच्या उथळ पाण्यातला, कुणी लक्ष देऊ नये असा.

आणि सगळ्याच माशांना हे जमत नाही, हेही त्या माहितीपत्रकात नव्हतं. जपानी मेडाका मासा झेब्राफिशसारखाच लहान, प्रयोगशाळेत तितकाच लाडका, पण त्याच्या मेंदूच्या दृष्टीच्या भागाला इजा झाली की पेशी विभागतात आणि चेतापेशी काही धड बनत नाहीत. आफ्रिकेतला एक किलिफिश डबक्यात काही महिनेच जगतो. तरुणपणी त्याचा मेंदू भरून येतो. म्हातारा झाला की त्याच्याही जखमेवर व्रण धरतो, आपल्यासारखाच.

क्रॉफर्ड मार्केटच्या मागे माशांच्या दुकानांत झेब्रा सगळ्यात स्वस्त मिळतात. मी थोडे आणले, पिशवीत पाणी आणि हवा भरून, आणि मावशीच्या खाटेजवळच्या टेबलावर काचेच्या टाकीत सोडले. फिजिओथेरपिस्ट म्हणत होता की नजर उजवीकडे फिरवायचा सराव हवा, तर टाकी मुद्दाम उजव्या हाताला ठेवली. मासे चपळ, सतत इकडून तिकडे. मावशी बघत बसते, मान वळवते, कधी त्यांना उगाच दटावते.

मी तिला सगळं सांगितलं. सुई, नाकपुडी, तीन आठवडे, नव्या पेशी. ती लक्ष देऊन ऐकत होती. टाकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. शब्द जुळवायला तिला वेळ लागतो, म्हणून मी थांबले.

“खातत?” तिने विचारलं.

मी म्हटलं, नाही गो, केवढेसे ते. मांदेलीपेक्षा बारीक.

मग तिने मान परत डावीकडे वळवली, आणि मला ती पुन्हा उजवीकडे करून द्यावी लागली.